पावडर जाते कुठं?

लग्नकार्यात नवी ओळख झाली की बायका विचारतात, "तुम्ही नोकरीत काय करायच्या?" मी सांगते, "जंतूंना जेवू घालायचे." समोरचीचा घास हातातच राहतो. मग आमचे हे घाईघाईनं मधे पडतात, "पाणी तपासायच्या लॅबमधे होती ती, मनावर घेऊ नका."

पण मी थट्टा करत नसते. जालन्याच्या सरकारी लॅबमधे जंतूंचं टेबल माझ्याकडं होतं. जंतू काही डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते पाण्यात आहेत की नाहीत हे कळायला आधी त्यांना पोटभर खाऊ घालावं लागतं. काचेच्या नळ्यांत आम्ही दुधातली साखर वगैरे घालून एक पातळसर रस्सा करून ठेवायचो. त्यात गावाकडून आलेलं पाणी सोडायचं, नळ्या उबेत ठेवायच्या आणि वाट बघायची. पाण्यात घाणीचे जंतू असले तर ते यथेच्छ जेवतात, वाढतात, आणि एक-दोन दिवसांत रश्शाचा रंग पालटतो. पाणी चांगलं असलं तर रस्सा जसाच्या तसा. घरी कधी भाजी बिघडली की आमचे हे म्हणायचे, सगळी चव तिकडच्या पाहुण्यांवर संपली.

गिऱ्हाइकं तर एकेक नग यायची. शहागडचा एक ढाबेवाला थेट हायवेवरून पाण्याची बाटली घेऊन आला. बाटली उघडली तर दवाखान्याचा वास. म्हटलं, "यात काय घातलंय?" तर म्हणाला, "मॅडम, रस्त्यानं जंतू वाढू नयेत म्हणून जखमेवरचं औषध टाकलं थोडं. तुमचं बी काम हलकं." त्याला वाटत होतं मी शाबासकी देईन. आमच्या मस्तगडातले एक दुकानदार स्वतःच्या बोअरचं पाणी कधीच आणायचे नाहीत, शेजाऱ्याच्या बोअरचं मात्र दर उन्हाळ्यात आणायचे. रिपोर्ट चांगला आला की त्यांचं तोंड पडायचं.

हसण्यावारी न्यायच्या गोष्टी झाल्या. पण एक गोष्ट लोकांच्या गळी उतरवताना माझा कायम जीव जायचा. पाणी नितळ दिसतं म्हणजे त्यात काही नाही, असं माणूस धरूनच चालतो. अहो, चहा गाळला की पत्ती गाळणीत राहते, पण रंग आणि साखर कपात जातातच ना? तसंच पानं, फळं, गवत, शेण पाण्यात पडून कुजलं की त्याचा अर्क पाण्यात विरघळतो. तो कापडानं गाळता येत नाही, चिमटीत धरता येत नाही. आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं, कारण त्यांना दात नाहीत. विरघळलेलं तेच त्यांचं जेवण. नितळ, उपाशी पाण्यात चार जंतू शिरले तरी ते जेमतेम तग धरतात. जेवण तयार असलं तर त्यांचंच राज्य.

शेतकऱ्यांना मी दुसऱ्या वाटेनं सांगायचे. "शेण-गोमूत्राचं जीवामृत करता, त्या पिंपात गूळ कशाला टाकता?" विचारलं की ताबडतोब उत्तर यायचं, "जिवाणू वाढाया." मग म्हणायचे, "हेच तुमच्या विहिरीत होतंय. फक्त गूळ तुम्ही टाकला नाही, आपोआप पडला." एवढं बोललं की बराबर ध्यानात यायचं. सगळंच विरघळलेलं त्यांना सारखं रुचतं असं मात्र नाही. गोड असलं की लगेच तुटून पडतात. झाडाच्या सालीतला तुरट अर्क आधी मानवत नाही, पण हळूहळू तोही पचवणारे तयार होतात आणि मग तिथंच घर करून राहतात. त्या सालीनंच मला एकदा चांगलं कामाला लावलं होतं.

हसनाबादच्या पुढं एक गाव आहे. नाव सांगत नाही, दिवाळी अंक तिथंही जातात. ओढ्याच्या काठावर विहीर, उंचवट्यावर सिमेंटची टाकी, घरोघरी नळ. पाणी सोडायला उत्तम नावाचा माणूस, चाळिशी उलटलेला, बोलायला कमी. रोज टाकी भरायची, ब्लीचिंग पावडर कालवून टाकायची, वॉल्व्ह फिरवून आळीआळीनं पाणी सोडायचं, हे त्याचं काम. त्या वर्षी गावात जुलाबाची साथ आली. आरोग्यवाल्यांनी नळाच्या पाण्यात औषधाचा थेंब टाकून बघितलं. क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. झालं नाही. परत बघितलं, परत नाही. आमच्याकडं नमुना आला, आमच्या रश्शाचाही रंग पालटला. रिपोर्ट गेला, "पिण्यास अयोग्य".

मग एक दिवस सरपंचबाईंचे यजमान दादाराव लॅबमधे आले. सरपंच त्या, पण बोलणं यांचं. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "मॅडम, लिहून द्या की उत्तम्या पावडर टाकत न्हाई. गोण्या बराबर संपून राह्यल्या, आन पाण्यात काहीच न्हाई. इकून खाऊन राह्यला तो. ग्रामसभेत त्याला काढायचंय, कागद पाहिजे."

"पाणी मला कुणाचं नाव सांगत नाही हो," मी म्हटलं. "क्लोरीन नाही, एवढंच सांगतं."

"एकच झालं की."

"एक नाही झालं." माझा आवाज चढला. माझा तसा तो स्वभावच आहे, ऑफिसात सगळ्यांना माहीत होता. "माणसाच्या पोटावर पाय द्यायचा तर आधी मला येऊन बघू द्या. ग्रामसभेच्या आत येते."

गेले. उत्तम टाकीखाली बादली घेऊन तयार होता. त्यानं पावडर मोजून घेतली, नाकाला रुमाल बांधला, काठीनं ढवळली, चुन्याचा गाळ खाली बसू दिला आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतली. कित्येक गावांत मी पावडर कोरडीच भिरकावताना बघितलीय. या माणसाला नाव ठेवायला जागा नव्हती. थोड्या वेळानं टाकीतलं पाणी काढून थेंब टाकला, हळदीसारखं पिवळं.

दादाराव म्हणाले, "तुमच्यासमोर टाकतो वो. रोज कोण बघतंय?"

मी टाकीखालून हलले नाही. उत्तमलाही खाली बसवून ठेवलं, पाणी सोडू दिलं नाही. दिवस कलताना तेच पाणी परत काढलं, थेंब टाकला. काही नाही. सकाळी माझ्या डोळ्यांदेखत पडलेली पावडर संध्याकाळी टाकीतच बसल्या जागी गायब. दादाराव बाटलीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "पावडर डुप्लिकेट असंल."

आमच्या कामात नमुना घ्यायचा तर शेवटच्या नळाचा घेतात. टाकीजवळचं पाणी सगळ्यांचंच बरं असतं. पाइपात फिरून फिरून दमलेलं पाणी जिथं पोचतं, तिथं खरी परीक्षा. या गावात शेवटचा नळ बुद्धविहाराच्या मागं, उत्तमच्याच दारात होता. वॉल्व्ह उघडायला लावून मी तिथं गेले. त्याची बायको बाजेवर पडलेली, भोकरदनच्या दवाखान्यातून नुकतीच आलेली, हातावर सलाईनची पट्टी तशीच. मी बाटली भरत होते तेव्हा ती पडल्या पडल्या म्हणाली, "मॅडम, लोक म्हणतेत ह्यांनी पावडर इकली. इकली असती तर आमच्याच पोटात हे पाणी आलं असतं का?"

उत्तम तिला म्हणाला, "गप. मॅडमला सांगून काय व्हतंय?" मग परत निघताना, माझ्याकडं न बघता बोलला, "माझ्या आज्याला या गावच्या विहिरीत पोहरा सोडू दिला न्हाई कुणी. आता गावाला पाणी मी सोडतो. मला पगाराचं काय न्हाई मॅडम. मोलमजुरी कुठं बी भेटंल. पण पाण्यात चोरी केली म्हणून काढलं, तर माझ्या मागं आमच्यातल्या कुणाला टाकीची चावी भेटणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या टेबलावर मी दोन बाटल्या ठेवल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत टाकीतलं. दोन्हींत एकाच बादलीतली निवळी, सारखी मोजून. दोन्हींतलं थोडं पाणी काढून त्यात थेंब टाकून दाखवला, दोन्ही पिवळी. बाटल्या कपाटात ठेवल्या आणि दादारावांना म्हटलं, "कुलूप तुम्ही लावा, किल्ली तुमच्याच खिशात." त्यांनी लावलं. दुपारी त्यांच्याच हातानं उघडलं. विहिरीच्या पाण्यात पिवळा रंग आला. टाकीच्या पाण्यात थेंब टाकला, तर आला नाही.

"पावडर डुप्लिकेट असती तर दोन्हींतला रंग गेला असता," मी म्हटलं. "उत्तमनं विकली म्हणावं, तर कपाटात उत्तम शिरला नव्हता. तुमच्या टाकीतलं पाणीच पावडर खातंय."

पावडरीचं असं आहे, तिला जंतू कोण आणि जंतूंचं जेवण कोण, हा फरक कळत नाही. पाण्यात विरघळलेला अर्क असला की ती आधी त्याच्याशीच झोंबते आणि तिथंच संपते. जंतूंपर्यंत पोचेतो तिच्यात दम उरत नाही. विहिरीत तसं काही नव्हतं, म्हणजे जे होतं ते टाकीत. मी उत्तमला घेऊन टाकीवर चढले. या वयात ती लोखंडी शिडी, गुडघ्यांनी माझा उद्धार केला.

झाकण उघडून आत बघितलं. टाकी आतून लख्ख घासलेली. तरी विचारलं, "पाण्याशिवाय यात काय आहे?"

त्याचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "जांभूळ हाय की," म्हणाला, आणि कडेला बांधलेली दोरी ओढायला लागला. दोरीच्या टोकाला सालीसकट चांगले मांडीएवढे जाड ओंडके. "जुन्या विहिरींच्या तळाला जांभळाचं लाकूड असायचं मॅडम, पाणी सडत न्हाई त्यानं. आज्या सांगायचा. मोबाइलवर बी आल्तं. म्हणून मी दर अवसेला टाकी धुतो आन जुनं काढून नवं, ताजं तोडून टाकतो. गावाला सांगितलं न्हाई. म्हटलं, सांगायचं काय त्यात."

मी ओंडक्यावरून बोट फिरवलं. तुरट वासाचं, बुळबुळीत. त्या चिकट थरात सगळं जंतूंचंच बिऱ्हाड होतं. माझ्या नळ्यांत मी जे पळी-पळीनं करायचे, ते या माणसानं अख्ख्या गावासाठी टाकीभर केलं होतं, आणि दर महिन्याला ताजा माल.

मला त्याला सांगायचं जिवावर आलं, पण सांगावं लागलं. जुन्या विहिरीतलं लाकूड कधीचं धुऊन निघालेलं असतं, त्याला द्यायला काही उरलेलं नसतं. त्याच्या भरवशावर मी तर कुणाला पाणी पिऊ देणार नाही, पण ते गुपचूप पडून तरी असतं. हे ओलं, सालीसकट. रोज थोडा थोडा अर्क सोडतं. पाइप कुठंतरी फुटका असणारच, चार जंतू आत येतात, त्यांना टाकीत वाढून ठेवलेलं ताट मिळतं, आणि पावडर त्या अर्काशीच झगडून संपते. तो झाकणाच्या कडेवर बसला. बराच वेळ दोरीची गाठ सोडत राहिला, ती काही सुटेना.

"म्हंजे माझी बायको माझ्यामुळंच पडली," तो म्हणाला.

"तू चांगल्यासाठी केलंस," म्हटलं. ते त्याला ऐकूही गेलं नसावं.

मग म्हणाला, "चोर म्हणत व्हते तवा मी घरी जाऊन जेवत व्हतो मॅडम. मला म्हाईत व्हतं, मी चोर न्हाई. आता गावाला काय सांगू? ह्यानं पाण्यात काय तरी टाकलं म्हणतील. आन टाकणारा कोण, कुणाचा, हे बी काढतील. चोर परवडला."

त्याचं खरं होतं. मी या जिल्ह्यात जन्मले, वाढले, मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. म्हटलं, "रिपोर्टात मी एवढंच लिहिते, टाकीत लाकूड आढळलं, काढून टाकावं. कुणी टाकलं हे लिहायला आमच्याकडं जागा नाही."

त्यानं मान हलवली. "टाकीची चावी माझ्याकडं. लाकूड का आभाळातून पडलं? गप बसलो तर लपवलं म्हणतील. मी सांगतो. जे व्हईल ते."

ग्रामसभेत त्यानं ओंडका खांद्यावरून आणला आणि समोर ठेवला. आपण का टाकला, कधीपासून टाकला, सगळं बोलला. शेवटी मी पावडर का गायब होत होती ते सांगितलं. मग मागून कुणीतरी म्हणालंच, "पाण्यात कायबी टाकतो हा, आन आपण पिऊन राह्यलो." दोघा-चौघांनी माना डोलावल्या. दादारावांनी घसा खाकरला.

तेवढ्यात सरपंचबाई बोलल्या. त्या सभेत बसायच्या, सही करायच्या, बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्याकडं न बघताच म्हणाल्या, "शेवटचा नळ कुणाच्या दारात हाय?"

मग त्यांनीच उत्तमकडं बोट केलं.

"ह्याच्याच दारात हाय. दवाखान्यात ह्याचीच बायको व्हती. वाईट करायचं असतं, तर माणूस आपलं दार सोडून करतो." पुढं म्हणाल्या, "चुकला तो. पण आपण टाकीकडं कधी मान वर करून बघितलं का? चावी त्याच्याकडंच ऱ्हाईल. लिहा."

ग्रामसेवकांनी दादारावांकडं बघितलं. दादारावांनी वर पत्र्याकडं बघितलं. ग्रामसेवकांनी लिहिलं.

लाकूड निघालं, टाकी आणि पाइप जास्त पावडर घालून धुऊन काढले, फुटका पाइप सापडला तोही बदलला. नंतर शेवटच्या नळाचं पाणी तपासायला मी स्वतः गेले. पिवळा रंग आला. उत्तमच्या बायकोनं ती बाटली उजेडात धरून बघितली आणि मला चहा केला. उत्तम मात्र दारात उभा राहून म्हणाला, "आता टाकीत काय टाकायचं?" म्हटलं, "पावडर, आणि दुसरं काही नाही." तो म्हणाला, "तेच तर अवघड हाय." मला त्याचं म्हणणं पटलं. एखाद्या गोष्टीवर जीव असला की हात स्वस्थ बसत नाहीत. इतकी वर्षं पाणी तपासून मी लोकांना मुख्यतः काय सांगितलं असेल, तर नुसतं राहू द्या त्याला.

खंत एकच आहे. माझ्या रिपोर्टात "अयोग्य" एवढाच शब्द असायचा, आणि तो गावात पोचेपर्यंत त्याला कुणाचं ना कुणाचं नाव चिकटायचं. अशा किती गावांत मी जाऊ शकले नाही, याचा हिशेब नकोच.

मी निवृत्त झाल्यावर त्या गावात दुसरी, मोठी टाकी झाली. दादारावांनी फोन करून बोलावलं, गाडीही पाठवली. गाव झाडून जमलेलं. आपल्याकडची रीत अशी, नव्या टाकीत पहिलं पाणी आलं की त्यात हळदी-कुंकू, फुलं, पंचामृत, नारळ सोडायचं. दूध, दही, मध, साखर. आमच्या लॅबमधे मी याहून चांगला रस्सा कधी केला नव्हता. पण मी आता पाहुणी, आणि देवाच्या कामात मोडता कोण घालणार? तोंड शिवून उभी राहिले.

दादाराव ताट घेऊन शिडीकडं गेले. शिडीशी उत्तम उभा होता. तो बाजूला झाला नाही.

"दादा, वर काई जाणार न्हाई," तो म्हणाला.

"अरे, देवाचं हाय ते," मागून कुणीतरी बोललं. ताट कुणाचं, अडवणारा कोण, हे तिथल्या प्रत्येकाच्या मनात येऊन गेलं असणार, माझ्याही आलं.

उत्तमनं आवाज चढवला नाही. "माझं लाकूड आता वर जात न्हाई. तुमचं फूल बी जाणार न्हाई."

दादारावांचा एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता. त्यांनी वर टाकीकडं बघितलं, उत्तमकडं बघितलं, आणि पाय खाली घेतला.

"पूजा इथंच मांडा," ते मागं वळून म्हणाले. "वरचं उत्तमराव बघतील."